उतारावरचा उत्साह

पुण्यात असताना मी सायकलीवर तासभर बोलू शकायचो. सायकल मात्र चालवत नसे. कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणायची असली तरी मी स्कूटर काढायचो. परत येईपर्यंत आपल्या जागेवर दुसऱ्याची गाडी लागलेली असायची. मग स्कूटर दोन गल्ल्या सोडून लावायची आणि तिथून जुडी हलवत चालत घरी यायचं. हे चालणं भाजीवालीच्या अंतरापेक्षा जास्त भरायचं. पण लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मिटिंगमध्ये, एकदा तर कुणाच्या तेराव्यालासुद्धा, ट्रॅफिकचा विषय निघाला की माझं सुरू व्हायचं. कोपनहेगनमध्ये काय करतात, ॲमस्टरडॅमने काय केलं, शहर माणसांसाठी असतं की गाड्यांसाठी. नोकरी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. खानावळवाल्याने उपासाचे फायदे सांगावेत तसला हा प्रकार, पण लोक ऐकून घ्यायचे. पंगतीतून मध्येच उठता येत नाही.

कामाच्या बाबतीतही तेच. चार दिवसांचा आठवडा हवा, तास मोजू नका, काम मोजा, माणूस यंत्र नाही, हे सगळं मी रात्री साडेअकराला कंपनीच्या बसमध्ये झोपलेल्या लोकांना जागं करून सांगितलेलं आहे.

त्यामुळे स्टुटगार्टची नोकरी चालून आली तेव्हा बाकीच्यांना पगार दिसला, मला व्यासपीठ दिसलं. घरी जाहीर केलं की तिकडे गेल्यावर मी गाडी घेणार नाही. आईने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "एवढ्या लांब बोलावतायत आणि गाडीपुरतासुद्धा पगार नाही?" महाराष्ट्राचं तिकडच्या राज्याशी जुनं सख्य आहे, मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, म्हणजे आपण परक्याकडे नाही, मावशीकडे चाललोय, असंही मी सांगून पाहिलं. बायको म्हणाली, "पुणेकराने मुंबईची ओळख सांगून कुठे जाऊ नये."

गाडीशिवाय जगायला मी शहर तरी कुठलं निवडावं? जिथे गाड्यांची दोन मोठी संग्रहालयं आहेत आणि जिथल्या मुख्य स्टेशनच्या मनोऱ्यावर कित्येक वर्षं मर्सिडीजचा तारा फिरत असे. कार्ल बेन्झने १८८६ मध्ये मोटारगाडीचं पेटंट घेतलं ते मानहाइमला राहून, आणि मानहाइम याच बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात. पण मी नाउमेद झालो नाही. कारण त्याच मानहाइममध्ये १८१७ च्या जूनमध्ये कार्ल ड्राइस नावाचा गृहस्थ दोन चाकं एकामागे एक लावून, पायांनी जमीन रेटत निघाला होता. सायकलीची ती आजी. म्हणजे सायकलवाले गाडीवाल्यांच्या जवळजवळ सत्तर वर्षं आधी आले होते, आणि मी आपला मूळ मालकांच्या बाजूने. ही माहिती मी विमानात शेजारच्या माणसाला दिली. त्याने कानात बोळे घातले.

फ्लॅट मिळाला डेगरलोखला. ऑफिस खाली शहरात. नकाशावर अंतर इतकं किरकोळ दिसत होतं की मी हर्षाने बायकोला म्हणालो, "अगं, हे तर सदाशिव पेठेतून डेक्कन." नकाशात चढ दिसत नाही. म्हणजे दिसतो, पण तो बघायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्टुटगार्ट हे वाडग्याच्या तळाशी वसलेलं शहर. चारी बाजूंनी टेकड्या, टेकड्यांवर चक्क द्राक्षमळे, आणि वर-खाली करायला ठिकठिकाणी दगडी जिने, तेही चारशेहून जास्त. डेगरलोख वाडग्याच्या काठावर. खालच्या शहरापासून उंची साधारण दोनशे मीटर. पर्वती दोनदा चढली तरी थोडी उरते.

सायकल घेतली जुन्या बाजारातून. तीन गिअरची, त्यातला एक चालणारा. विकणाऱ्या आजोबांनी राहतो कुठे विचारलं. डेगरलोख म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सायकलीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि आपणहून पाच युरो कमी केले. घासाघीस न करता सवलत मिळाली म्हणून मी तरंगत घरी आलो. येताना सायकल मेट्रोत होती, त्यामुळे आजोबांच्या त्या नजरेचा अर्थ लागायला सोमवार उजाडावा लागला.

सोमवारी सकाळचं काय सांगू! पेडल मारायचं काम नाही. वारा कानात, खाली चर्चचे मनोरे, लाल कौलं, मी आणि गुरुत्वाकर्षण. ऑफिसच्या दारात उतरून घरच्या ग्रुपवर टाकलं: "दहा मिनिटं. पेट्रोल शून्य. प्रदूषण शून्य." अंगठ्यांचा पाऊस पडला. नाशिकच्या काकांनी तेवढं विचारलं, "आणि परत?" काकांचा स्वभाव पहिल्यापासून नकारात्मक.

संध्याकाळी मी सायकल हातात धरून जुन्या घाटरस्त्याने, म्हणजे आल्टे वाइनश्टायगेने, वर निघालो. बसून चढायचा प्रयत्न पहिल्या वळणावरच संपला होता. कोट काढून टोपलीत टाकला, मग टाय, मग तत्त्वं. तेवढ्यात मागून घरघर ऐकू आली. वळून पाहिलं तर एक पिवळीधमक छोटी आगगाडी घाट चढत येत होती, आणि तिच्या पुढे एक उघडा डबा जोडलेला होता. त्या डब्यात नुसत्या सायकली. ओळीने उभ्या, टेकून, निवांत. एकीला लहान मुलाची खुर्ची. एकीच्या टोपलीत कांद्याच्या पातीसारखी हिरवी जुडी डोलतेय. सायकलींचे मालक मागच्या डब्यात खिडकीशी पेपर वाचतायत. म्हणजे या गावात सायकलीसुद्धा घाट गाडीने चढतात, आणि चढवणारा एकटा मी. खिडकीतल्या एका चिमुरडीने मला हात केला. मीही एक हात सोडून तिला हात केला. सायकल दुसऱ्या हाताला तेवढी बांधील नव्हती. ती उलटी निघाली, कोट घेऊन.

ही त्साके. दातेरी रुळावर चालणारी गाडी, १८८४ पासूनची. मारिएनप्लाट्झ ते डेगरलोख, दोनेक किलोमीटरचा प्रवास, आणि पुढचा सायकलडबा खास चढणाऱ्यांसाठी. उतरायला कुणी मदत मागत नाही. लहान पोराला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण इथे न विचारता कुणी सांगत नाही, आणि मी न विचारता सांगणाऱ्यांतला असल्यामुळे विचारायची सवयच राहिलेली नव्हती.

तरी मी स्वतःची समजूत घातली ती बेर्था बेन्झच्या नावाने. कार्लची ही बायको १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता त्याची गाडी काढून दोन मुलांसह मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. इंधन संपलं तर वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं द्रावण घेऊन टाकीत ओतलं. ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. आणि चढ आला की मुलं खाली उतरून गाडी ढकलायची. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास, आणि त्यातही ढकलणं होतंच. हे मी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिने त्यातलं "नवऱ्याला न सांगता" एवढंच लक्षात ठेवलं, हे मला पुढे कळायचं होतं.

आता स्वयंपाकघराचं प्रकरण. जर्मनीत भाड्याचा फ्लॅट रिकामा मिळतो, आणि रिकामा हा शब्द ते मनापासून वापरतात. छतातून वायरी लोंबत होत्या, कारण दिवे आधीच्या भाडेकरूचे. स्वयंपाकघरात नळाची दोन तोंडं भिंतीतून बाहेर आलेली, बस्स. ओटा, सिंक, कपाटं सगळं तो घेऊन गेलेला. आईला व्हिडिओवर दाखवलं.

"ओटा नेला? भिंतीतला?"

"हो, इथे नेतात."

"खिडक्या ठेवल्यात ना?"

नवं स्वयंपाकघर बसवायचं म्हणजे हजारोंचा खर्च. जाहिरातीत एक जुनं दिसलं: सिंक, ओट्याची लांब फळी, दोन कपाटं, फुकट, फक्त स्वतः उचलून न्या. जागा हेसलाखला, म्हणजे पुन्हा वाडग्याच्या तळाला. ऑफिसमधल्या सगळ्यांनी सांगितलं, दोन तास व्हॅन भाड्याने घे. एका सिंकसाठी डिझेल जाळू? मग मी पुण्यात एवढं बोललो कशाला? मी मालवाहू सायकल मिळवली. पुढे मोठी पेटी, लांबी होडीएवढी, आणि बॅटरीची मदत. ही मदत कायद्याने २५० वॉट, तीही ताशी २५ किलोमीटरपर्यंतच. आईच्या मिक्सरची मोटर ७५० वॉटची आहे. म्हणजे मी सिंक, फळी, एक कपाट आणि माझा स्वतःचा देह एवढा ऐवज एक तृतीयांश मिक्सरवर घाट चढवणार होतो. हा हिशेब बायकोने केला. मी केला असता तरी गेलो असतो.

अर्ध्या घाटापर्यंत तो मिक्सर इमानदारीत चालला. मग बॅटरीची शेवटची काडी लाल झाली, आणि सायकल एकदम जड झाली. फळी पेटीतून तिरकी बाहेर आलेली, तिच्यामुळे रस्ता दिसेना, म्हणून मी फुटपाथवर चढलो. लगेच वरच्या गॅलरीतून एका आजींनी सांगितलं की फुटपाथवर सायकल चालवली तर ५५ युरो दंड होतो. मी म्हटलं, चालवत नाहीये, ढकलतोय. आजींनी जरा विचार केला आणि मान्य केलं. ढकलायला परवानगी आहे. त्या क्षणी ज्या आपुलकीने माझ्या शब्दाचा मान राखला गेला तितक्या आपुलकीने त्या दिवशी दुसऱ्या कुणी राखला नाही. बायको मागून नळ आणि सांडपाण्याचा पाइप हातात धरून चालत होती, आणि नेमका तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल आला. बायकोने तो घेतला. न घेण्याचं काही कारण नव्हतं, असं ती अजून म्हणते.

पडद्यावर आई, आईच्या मागे बाबा, बाबांच्या मागे सोसायटीतल्या पाटीलकाकू. तिघांनी बराच वेळ मला बघितलं. मग आई म्हणाली, "एवढं शिकून हातगाडी ओढायला गेलास का रे?"

शेवटच्या वळणावर आमच्याच इमारतीतला एक तरुण आणि बाबागाडी घेऊन चाललेली एक बाई आपणहून मागून हात लावायला आली. बाबागाडी बायकोकडे, नळ बाळाच्या हातात, आणि आम्ही तिघं सिंकच्या मागे. वर पोचल्यावर तरुणाने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "तळघरात माझा ट्रेलर आहे. विचारायचं ना." ओट्याची फळी चार बोटं लांब निघाली. दुसऱ्या दिवशी रविवार, सुट्टी, उत्साह ताजा. मी करवत काढली. जर्मनीत रविवारी शांतता पाळायची असते हे मला माहीत होतं, पण करवत हातातली होती, विजेची नव्हे, म्हणून चालेल असं माझं मत. पहिल्याच घासाला घंटी वाजली. खालच्या मजल्यावरचे काका दारात, पायात घरच्या सपाता. काही बोलले नाहीत. आधी करवतीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग कॅलेंडरकडे. सोमवारी संध्याकाळी तेच स्वतःची चांगली करवत घेऊन आले आणि फळी कापून दिली, माझ्यापेक्षा सरळ.

तिकिटाचं वेड मात्र बायकोलाही लागेल अशी माझी खात्री होती. २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झालेलं देशभराचं मासिक तिकीट मी आलो तेव्हा ५८ वर गेलेलं होतं, आता ६३ आहे. शहरातली बस, ट्राम, मेट्रो, लोकल, प्रादेशिक गाड्या, सगळ्या देशात चालतं. फक्त वेगवान गाड्यांत नाही. हा "फक्त" मी वाचला होता, पण मनावर घेतला नव्हता. एकदा पैसे भरले की प्रत्येक प्रवास फुकट, आणि जितका लांब तितका जास्त फुकट, असं माझं गणित. त्या गणिताने आम्ही वुपरटालला निघालो. तिथली उलटी टांगलेली रेल्वे, श्वेबेबान, १९०१ पासून नदीच्या डोक्यावरून लोंबकळत धावते. तेरा किलोमीटरची. मोबिलिटीवर बोलणाऱ्या माणसाने ती पाहिली नाही म्हणजे वारकऱ्याने पंढरपूर बाजूला सोडल्यासारखं.

पहाटे निघालो. मानहाइम, माइन्झ, कोब्लेन्झ, कोलोन, दर ठिकाणी उतरून दुसऱ्या फलाटावर धावत. डब्यात थेपले आणि लसणाची चटणी. ऱ्हाइनकाठचे किल्ले सुंदर होते हे बायकोनेही मान्य केलं, पण मधूनमधून शेजारच्या रुळावरून एक पांढरी वेगवान गाडी सुळकन पुढे जायची आणि बायको माझ्याकडे बघायची. मी किल्ल्यांकडे. दुपार कलल्यावर पोचलो. लोंबत्या गाडीत बसलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या तासात गेलो आणि उतरलो. झालं. परतीची पहिली गाडी चुकवली असती तर रात्र स्टेशनवर काढावी लागली असती, म्हणून लगेच निघालो.

परतताना वेळ जावा म्हणून मी तिला टुफीची गोष्ट सांगितली. १९५० मध्ये एका सर्कसवाल्याने जाहिरातीसाठी टुफी नावाच्या हत्तिणीच्या पिल्लाला या गाडीत बसवलं. ती थोड्याच वेळात बिथरली, डब्याची बाजू फोडून खाली वुपर नदीत उडी मारली आणि किरकोळ खरचटण्यावर वाचली.

"तिला निदान उडी मारायला नदी होती," बायको म्हणाली आणि कोलोन येईपर्यंत झोपली.

ऑफिसात मी पाऊल ठेवलं तेच क्रांतीच्या तयारीने. वाचन दांडगं होतं. धातू कामगारांच्या संघटनेने १९८४ मध्ये संप करून ३५ तासांच्या आठवड्याचा लढा दिला आणि १९९५ मध्ये तो पश्चिम जर्मनीत पूर्णपणे पदरात पाडून घेतला. फोल्क्सवागेनने २०११ मध्येच कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी ठरवून टाकलं की पाळी संपून अर्धा तास झाला की कंपनीच्या फोनवर ई-मेल यायचे बंद. २०२४ मध्ये ४५ संस्थांनी सहा महिने चार दिवसांचा आठवडा करून पाहिला. हे सगळं मी चाळीसेक स्लाइडमध्ये बसवलं, शेवटी "आपल्या टीमसाठी प्रस्ताव" अशी ठळक पाटी लावली आणि रात्री पावणेबाराला साहेबांना पाठवलं. नोकरीचा परीक्षाकाळ सहा महिन्यांचा, त्यातला पहिलाच सुरू होता. पण चांगल्या विचाराने मुहूर्त बघायचा नसतो.

सकाळी साडेसातला मी टेबलाशी हजर. आठ वाजता बोलावणं आलं. साहेबांच्या शेजारी कर्मचारी परिषदेच्या एक बाई बसल्या होत्या, समोर वही. मला वाटलं, प्रस्तावाची दखल फारच वर गेली.

"तुम्ही काल रात्री पावणेबारापर्यंत काम करत होता," बाई म्हणाल्या.

"त्याचं काही नाही," मी विनयाने म्हटलं.

"आणि आज साडेसातला आलात. दोन दिवसांच्या कामामध्ये सलग अकरा तासांची विश्रांती कायद्याने लागते."

"मला चालतं हो!"

"आम्हाला चालत नाही." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "एवढ्या रात्री पाठवण्यासारखं त्यात काय होतं?"

"कामाचे तास कमी करण्याबद्दल आहे."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते असा मला भास झाला. मग समजुतीने त्यांनी विचारलं की समजा शुक्रवार सुट्टीचा दिला, तर त्या दिवशी मी काय करीन. या प्रश्नाची तयारी मी केलेली नव्हती, त्यामुळे तोंडून खरं उत्तर गेलं: "शुक्रवारी घरी शांतपणे बसून आठवड्याचं राहिलेलं काम संपवता येईल." बाईंनी तेही लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

त्यानंतर मला प्रस्ताव सोडा, ऑफिसात बसून राहणंही अवघड झालं. साहेब उठल्याशिवाय आपण उठायचं नाही ही माझी चाकणपासूनची तपश्चर्या. इथे साहेबच चार वाजता बालवाडीतून मुलाला आणायला जातो, डोक्यावर हेल्मेट, एका पायाची पँट चिमट्यात. शुक्रवारी एक वाजल्यानंतर मजल्यावर चिटपाखरू नसतं. मी एकटा बसलेला असतो, आणि दिव्यांना हालचाल लागते. माणूस हलला नाही की छतातला डोळा समजतो की सगळे गेले, आणि अंधार करतो. मग मी खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात वर करून हलवायचे, दिवे लागले की पुढची ओळ टाइप करायची, पुन्हा अंधार, पुन्हा आरती. एकदा सफाईवाल्या मावशींनी दारातून हे बघितलं. त्यांनी बादली ठेवली आणि त्यांनीही मला हात हलवून दाखवला, निरोपाचा.

बाबा एसटीच्या डेपोत हजेरी आणि रजेचा हिशेब ठेवता ठेवता निवृत्त झाले. त्यांना मी सांगितलं की इथे रजेवर असताना माणूस आजारी पडला आणि डॉक्टरचा दाखला दिला, तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत, परत मिळतात. बाबा बराच वेळ गप्प. मला वाटलं लाइन गेली. मग आवाज आला, "मग बरं कोण होतं रे?" आणि थोड्या वेळाने, जास्त गंभीरपणे, "हे हजेरीपटात कुठल्या शाईने दाखवतात?"

दरम्यान बायकोला नोकरी लागली. तिने कोणत्याही विषयावर भाषण केलं नाही. एक दिवस तळघरात एक नवीकोरी विजेची सायकल दिसली, गर्द हिरवी. कंपनी ती भाडेपट्ट्याने घेते, दर महिन्याचा हप्ता पगारातून कर लागण्याआधीच कापते, त्यामुळे स्वस्त पडते, ही योजना मला तोंडपाठ होती. मी तिला समजावून सांगायला लागलो.

"माहितीये," ती म्हणाली. "मी सही केली."

"मला न सांगता?"

"बेर्थाने सांगितलं होतं?"

मला मात्र आता गाडीची गरज पटायला लागली होती. स्वतःची नको, छे. वर्गणी भरून तासावर मिळणारी, सगळ्यांत मिळून एक. पुढच्या वेळी सिंक आणायचं झालं तर. हाही नवाच विचार आहे आणि त्यावर मी दोन मित्रांशी बोललोही. पण भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं, आणि ते महिने मी सायकल ढकलण्यात घालवले होते. त्यामुळे पुण्यात बरीच वर्षं गाडी चालवलेला माणूस लेखी परीक्षेचा अभ्यास करू लागला. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा इथला एक मूळ नियम. आपल्याकडे ज्याचा हॉर्न मोठा त्याला. लेखी पास झालो. प्रत्यक्ष शिकवायला एक पोक्त शिक्षक मिळाले, मिशा आणि थर्मास असलेले. आधीचा अनुभव किती, त्यांनी विचारलं. मी छाती काढून पुण्याचं सांगितलं.

"हरकत नाही," ते म्हणाले. "विसरायला थोडे जास्त तास लागतील."

तास ४५ मिनिटांचा, पैसे मात्र पुरते. प्रत्येक वळणाला खांद्यावरून मागे बघायचं, नुसते डोळे नाही, मान. मानेला पट्टा लावायची वेळ आली. हॉर्न वाजवायचा तो धोका असेल तेव्हाच. ओळखीचा दिसला, सिग्नल सुटला, कुत्रं झोपलंय, मूड चांगला आहे, ही कारणं धरत नाहीत.

एका संध्याकाळी मला त्यांनी ट्युबिंगर स्ट्रासेवर घेतलं. सायकलींचा रस्ता. गाड्यांना येता येतं, पण पाहुण्यासारखं; वेग तीसच्या आत, आणि सायकलवाले शेजारी शेजारी चालवू शकतात, त्यांना हटवायचं नाही. मारिएनप्लाट्झच्या दिशेने आमच्यापुढे दोन बायका शेजारी शेजारी चाललेल्या, गप्पा रंगात आलेल्या. उजवीकडची हातवारे करून काहीतरी सांगत होती, डावीकडची हसून हँडलवर वाकत होती. वेग बारा, फार तर तेरा. डावीकडची सायकल गर्द हिरवी.

माझा अंगठा हॉर्नकडे गेला. शिक्षकांनी थर्मासचं झाकण लावता लावता मान हलवली.

"ओव्हरटेक?" मी विचारलं.

"सायकलपासून दीड मीटर अंतर लागतं. इथे तेवढी जागा नाही. मागे राहायचं."

मागे राहिलो. पहिल्या गिअरमध्ये. मागून एक सायकल आली आणि आम्हाला मागे टाकून गेली.

"किती वेळ?" मी म्हणालो.

"त्या वळेपर्यंत."

"त्या लवकर वळणार नाहीत. हिरवी सायकलवाली डेगरलोखपर्यंत अशीच जाणार."

"तुम्हाला काय माहीत?"

"आमचा पत्ता एकच आहे."

शिक्षकांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि वहीत तासाची वेळ वाढवून लिहिली.